खाते पुसण्याचा प्रश्न

खाते हा शब्द आमच्या घरांत सावकाराच्या चोपडीबरोबर आला. ज्या वहीत एकेका कुळाच्या नावे देणेघेणे मांडले जाई ती खातेवही, आणि त्या वहीतील त्याचे पान म्हणजे त्याचे खाते. हल्ली फेसबुक, इन्स्टाग्राम इत्यादी समाजमाध्यमांवर मनुष्याची जी जागा असते तिलाही हाच शब्द रूढ झाला आहे, आणि तो आम्हांस फार समर्पक वाटतो. कारण खात्यावर नाव एकाचे असते आणि वही दुसऱ्याची असते. ही गोष्ट जोवर सारे सुरळीत चालले आहे तोवर कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या दिवशी आपले नाव त्या वहीतून काढून घ्यावे असे वाटते, त्या दिवशी मात्र ती प्रथम जाणवते.

या नव्या वह्यांतून निघून जाण्याचे दोन मार्ग ठेवलेले आहेत. पहिला तात्पुरता : खाते झाकून ठेवावयाचे. नाव इतरांस दिसेनासे होते, परंतु पान वहीत तसेच राहते आणि मालक परत आला की पुन्हा उघडते. दुसरा कायमचा : खाते पुसून टाकावयाचे. फेसबुकाच्या रीतीप्रमाणे असा अर्ज केल्यावर ३० दिवसांपर्यंत तो मागे घेता येतो. त्यानंतर सर्व मजकूर नष्ट होण्यास ९० दिवसांपर्यंत अवधी लागू शकतो. एवढे होऊनही दुसऱ्यास धाडलेले निरोप त्या दुसऱ्याजवळ उरतातच. लेक पुण्यास किंवा परदेशी असलेल्या कुटुंबांत आज या निवडीचा प्रश्न वरचेवर उद्भवतो. कोणास वेळेचा अपव्यय थांबवावयाचा असतो, कोणास जुने बोलणे लाजिरवाणे वाटू लागते, तर कोणास छळणाऱ्यांपासून सुटका हवी असते. साधन नवे असले तरी ही इच्छा नवी नाही. आपल्या इतिहासात ती निरनिराळ्या रूपांनी प्रकट झाली आहे, आणि तिची परीक्षा त्या जुन्या उदाहरणांवरून अधिक नीट होते.

प्रथम कर्जाच्या खात्याचेच उदाहरण घेऊ. देहूच्या तुकोबांच्या घरी सावकारी होती. विरक्ती आल्यावर त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले. एक धाकटे बंधू कान्होबा यांस दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे संतचरित्रे सांगतात. येथे वहीचा धनीच दुसऱ्याचे नाव वहीतून सोडतो आहे. याच्या उलट प्रकार सन १८७५ मध्ये घडला. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांवर चालून गेला, आणि तेथून हे लोण पुणे व अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. गहाणखते, रोखे, हुकूमनामे हाती आले की ते जाळावयाचे. आणि जेथे सावकाराने ते निमूटपणे काढून दिले तेथे बहुधा पुढे काही झाले नाही. आपल्या नावे दुसऱ्याने काय लिहून ठेवले आहे हे ज्यास वाचता येत नाही, त्यास ते पुसण्याचा आगीवाचून दुसरा उपाय सुचला नाही. कागद जळाले, तरी पुढच्या पेरणीस बियाणे लागणारच होते. त्यामुळे सावकाराशी असलेला व्यवहार सुटला नाही.

या दंग्यांच्या चौकशीनंतर सन १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यातील एक तरतूद आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठी महत्त्वाची आहे. दिलेल्या रकमेची पावती, वर्षाचा हिशेब व आपल्या खात्याचा उतारा मागण्याचा हक्क कुळास या कायद्याने दिला. म्हणजे पुसण्याच्या हक्काच्या आधी पाहण्याचा हक्क आला. हा क्रम योग्य होता. आपल्याविषयी काय लिहिले आहे हेच ज्यास ठाऊक नाही, त्याने काय पुसावयास सांगावे?

कर्ज फेडून मनुष्य एका व्यवहारातून सुटतो. परंतु सगळे नावच सोडावयाचे झाल्यास त्यास आपल्या परंपरेत संन्यास हा विधी होता. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतःच करी, शिखा व सूत्र यांचा त्याग करी आणि नवे नाव धारण करी. हिंदू धर्मशास्त्रानेही त्यास व्यवहारात मृत मानले. त्याची मालमत्ता वारसांकडे जाई. हा मार्ग एकेरी होता. आपेगावच्या विठ्ठलपंतांची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्यांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. पुढे मागे पत्नी आहे हे कळल्यावर गुरूंनी त्यांस परत गृहस्थाश्रमात धाडले. आणि आळंदीच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. त्यांची चार मुले, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता, संन्याशाची पोरे म्हणून हिणविली गेली. पुसलेले खाते पुन्हा उघडण्याची सोय त्या काळच्या समाजात नव्हती, आणि त्या कठोरपणाचा भुर्दंड ज्यांनी काही पुसले नव्हते त्या लेकरांनी भरला. ३० दिवसांची मुदत हे आज एक क्षुल्लक कलम भासते. पण विचाराअंती घेतलेला निर्णयही मागे घेण्यास वाव असावा, ही माणुसकी त्यात आहे हे कबूल केले पाहिजे.

ही कथा आपणांस ठाऊक आहे त्याचे मोठे श्रेय परंपरा ज्यांस देते, त्यांचे नाव हिंगोली जिल्ह्याशी निगडित आहे. ज्ञानदेवांच्या चरित्राची 'आदि', 'तीर्थावळी' व 'समाधी' ही प्रकरणे नामदेवांच्या नावावर आहेत, आणि नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकरी ज्या नरसी गावास मानतात ते आज याच जिल्ह्यात आहे. जन्मस्थानाविषयी विद्वानांत वाद आहे, तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते असे : ज्याने जगाच्या वहीतून आपले नाव काढून घेतले, त्या विठ्ठलपंतांचे नाव दुसऱ्याच्या अभंगांतून सातशे वर्षे टिकले. मनुष्य आपली वही बुडवू शकतो. त्याच्याविषयी इतरांच्या वहीत जे उतरले ते त्याच्या हाती नसते.

खुद्द नामदेवांच्या नावाचा इतिहास याहून विलक्षण आहे. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि पंजाबातील घुमान गावी त्यांचे स्मारक आहे. तेथेच सन २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. परंतु त्यांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा या दुसऱ्या कवीची रचनाही मिसळली आहे, आणि कोणता अभंग कोणाचा हे निवडणे अभ्यासकांस अवघड झाले आहे. दोघेही अभंगाच्या शेवटी 'नामा' असेच म्हणत. एकाच नावाने दोघांनी लिहिल्यास काय होते ते येथे दिसते. हे तर भक्तीच्या क्षेत्रात आणि निष्कपटपणे घडले. आज दुसऱ्याचे छायाचित्र व नाव लावून खोटे खाते उघडणारे जे लोक आहेत त्यांचा हेतू तसा नसतो. म्हणून आपले खाते पुसले म्हणजे आपल्या नावाचा गैरवापर थांबला, असे कोणी समजू नये.

याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे नामदेवांस गुरू भेटले ते विसोबा खेचर. या विसोबांची पूर्वकथा बोधप्रद आहे. संतचरित्रकार सांगतात की, आरंभी ते ज्ञानदेवादी भावंडांचा द्वेष करीत. पुढे पश्चात्ताप होऊन शरण आले. आणि तिरस्काराने उच्चारलेला 'खेचर' हा शब्दच त्यांनी नाव म्हणून स्वीकारला. त्यांनी मागची नोंद खोडली नाही. तिच्यापुढे नवी नोंद मांडली, आणि लोकांनी ती नवी नोंद मान्य केली. समाजाच्या स्मृतीत भरलेले खाते बदलावयाचे झाल्यास दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. पुसणे हे सर्वदा हिताचेच असते असे नाही. सध्याचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी सन १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सन २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली, आणि उर्दू व मोडी लिपीतील जुनी दप्तरे उलगडली जाऊ लागली. आरक्षणाच्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. परंतु पणजोबांच्या नावापुढे कोण्या कारकुनाने लिहिलेल्या एका शब्दावर पणतवाचे शिक्षण व नोकरी अवलंबून असू शकते, हे साऱ्या मराठवाड्याने पाहिले. ज्याने ते लिहिले त्यास हे स्वप्नातही आले नसेल. यावरून सार्वजनिक दप्तर आणि खाजगी वही यांत भेद केला पाहिजे. पहिले पुसण्याचा अधिकार कोणा एकास नसावा; दुसरी पुसून मागण्याचा अधिकार ज्याचे नाव तीत आहे त्यास असावा.

हा भेद करताना न्यायालयांसही कष्ट पडले आहेत. स्पेनमधील एका गृहस्थाच्या कर्जापायी सन १९९८ मध्ये लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रात आली होती. पुढे प्रकरण मिटले, तरी गूगलवर त्याचे नाव शोधताच ती जाहिरात पुढे येई. युरोपच्या न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला : वर्तमानपत्र जसेच्या तसे राहिले, पण नावावरून तेथे नेणारा दुवा काढण्याचे बंधन गूगलवर आले. विस्मरणाचा हक्क मागणारा तो मनुष्य त्या खटल्यामुळेच जगप्रसिद्ध झाला. म्हणून त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि सन २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा व पुसून मागण्याचा हक्क लिहिला गेला. त्याचे नियम सन २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले असून कलमे टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याची योजना आहे. पाहणे आधी, पुसणे नंतर, हा सन १८७९ चा क्रमच येथे पुन्हा आढळतो.

वहीचा धनी स्वतःच्या सोयीने सगळी वही मिटवू शकतो, हेही विसरता कामा नये. सन २००४ मध्ये निघालेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ज्यांनी आपला मजकूर वेळीच उतरवून घेतला नाही, त्यांच्या तरुणपणातील पुष्कळसा पत्रव्यवहार त्याबरोबर गेला.

तेव्हा ज्या कुणास आपले खाते मिटवावयाचे असेल त्याने ते खुशाल मिटवावे. त्यात भ्याडपणा नाही आणि फारसे वैराग्यही नाही. मात्र आधी आपला उतारा मागून घ्यावा. घरच्या मंडळींची छायाचित्रे, गेलेल्या वडीलधाऱ्यांचे शब्द यांतील जे पुढच्या पिढीस लागेल ते घरच्या पेटीत ठेवावे. ज्यांच्याशी त्या वाटेनेच बोलणे होते त्यांस दुसरी वाट कळवावी, म्हणजे विठ्ठलपंतांच्या मुलांप्रमाणे आपल्या निर्णयाचा भार दुसऱ्यावर पडणार नाही. मग मन द्विधा असेल तर झाकून ठेवावे, निश्चय असेल तर पुसावे. आणि जे दुसऱ्याच्या वहीत गेले आहे त्याविषयी खेचरांचा मार्ग धरावा. तो मार्ग लांबचा आहे, आणि त्यास कोणतीही कंपनी मुदत घालून देत नाही.