घोडे आले, नालबंद आले नाहीत

मध्ययुगीन लढायांची वर्णने वाचताना घोडा आपल्याला बहुधा आकड्यांतच भेटतो: अमक्याचे दहा हजार स्वार, तमक्याचे वीस हजार. हे घोडे शिकवले कोणी, त्यांचे खूर रोज उचलून पाहिले कोणी, हा प्रश्न त्या आकड्यांआड राहून जातो. दक्षिणेतील अश्वदळाचा इतिहास खरे तर इथूनच सुरू व्हावा, असे आम्हांस वाटते. त्यासाठी तेराव्या शतकातील एका आरोपाकडे वळावे लागेल.

मार्को पोलो १२९० नंतरच्या काही वर्षांत माबारला, म्हणजे तमिळ किनाऱ्यावरील पांड्यांच्या मुलखात, पोहोचला. तेथे घोडे आखातातून आणि अरबस्तानातून जहाजांनी येत. वस्साफ हा इराणी इतिहासकार सांगतो की, कीश बेटावरील जमालुद्दीन या धनाढ्य व्यापाऱ्याने दरसाल १४०० घोडे पाठवण्याचे ठरवले होते. दर घोड्यामागे २२० दिनार, आणि वाटेत दगावलेल्या घोड्याचीही किंमत राजाने मोजायची. पोलोच्या म्हणण्याप्रमाणे पोहोचलेल्या घोड्यांपैकीही वर्षअखेर थोडेच जगत. खुराक म्हणून भात आणि मांस, सोसवत नाही अशी हवा, आणि नाल ठोकणारा वा उपचार जाणणारा माणूस नाही. यापुढची त्याची नोंद अधिक बोचरी आहे. घोडे विकणारे व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊच देत नसत. कारण घोडे मेले तरच पुढच्या साली नवे खपणार.

परक्या प्रवाशाचा शब्द जसाच्या तसा स्वीकारावा असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या सुमारे ११३० मधील ग्रंथात घोड्यांची लक्षणे, त्यांचे रंग आणि घोड्यावर बसून खेळायचा चेंडूचा खेळ यांचे वर्णन आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली परंपरा तर त्याहून बरीच जुनी. तेव्हा दक्षिणेत अश्वविद्याच नव्हती, असे कोण म्हणेल? पण विद्या राजाच्या ग्रंथात असणे आणि ती तबेल्यातील माणसाच्या हातात असणे, यांत अंतर आहे.

हातातली विद्या कशी असते, ते त्याच शतकातील इटलीत दिसते. सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या पदरी असलेल्या जोर्दानुस रुफुस याने १२५० च्या सुमारास घोड्यांविषयी लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यातील बराच भाग औषधोपचाराचा आहे. पण शिंगरू माणसाळवण्याची त्याची रीत आजही कोणा चाबुकस्वाराला ओळखीची वाटावी. दोर मऊ असावा, हवा थंड असावी. अंगावरून वरचेवर हळुवार हात फिरवावा. पाय एकेक उचलून, नाल ठोकल्यासारखे तळव्यावर थोपटावे, म्हणजे पुढे खऱ्या हातोडीला ते बुजणार नाही. लगामाचे लोखंड प्रथम तोंडात देताना त्याला मध लावावा. आधी खोगिराशिवाय बसावे, आणि मग लोहारांच्या ठोकाठोकीतून, गजबजलेल्या वाटांवरून त्याला न्यावे. यातले काहीच अवघड नाही, फक्त ते रोज करावे लागते. आणि करणारा माणूस घोड्यापाशी असावा लागतो.

असा माणूस दक्षिणेत कसा रुजला, याची एक खूण आपल्या भाषेत उरली आहे. घोडा, शिंगरू, खूर हे शब्द आपले. पण लगाम, रिकीब, जीन, खोगीर, तोबरा, नालबंद, चाबुकस्वार हे फारसीच्या वाटेने आले. ज्या हत्यारांनी आणि ज्या माणसांनी घोडा कामाचा होतो, त्यांचीच ही नावे आहेत. शब्द एकटे प्रवास करत नाहीत. त्यांच्यामागे कोणी नाव न नोंदलेले कसबी आले असणार आणि इथल्या पोरांनी त्यांच्या हाताखाली उमेदवारी केली असणार, असे आम्ही मानतो.

सभासदाने शिवाजी महाराजांच्या पागेची जी व्यवस्था लिहून ठेवली आहे, ती या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावी. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार नेमला, एवढे सांगून तो थांबत नाही. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, हेही तो नोंदवतो. पावसाळ्यात लष्कर छावणीस परते, तेव्हा घोड्यांसाठी दाणा, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे आधीच तयार असत. बखरीत पराक्रमाच्या वर्णनांची वाण नाही. त्यांच्या गर्दीत या दोन-तीन ओळी सहज नजरेतून सुटतात. आम्हांला मात्र त्या पराक्रमाइतक्याच मोलाच्या वाटतात. पांड्यांच्या खजिन्यातून सोने गेले आणि घोडे आले. नालबंद आला नाही. इथे तो हिशेबातच धरलेला आहे.

सभासदाने ही बखर १६९४ च्या सुमारास लिहिली ती जिंजीत. चारशे वर्षांपूर्वी पांड्यांचे घोडे जिथे मरत होते, त्याच तमिळ मुलखात.