घड्याळाचा काटा आणि मालवणचा सूर्य

दरवर्षी मार्च महिन्याच्या अखेरच्या रविवारी लंडन, पॅरिस, बर्लिन येथील घड्याळे एका तासाने पुढे केली जातात आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी ती पुन्हा मागे घेतली जातात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हाच सोपस्कार मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पार पडतो. मुलगा वा लेक परदेशी असलेल्या मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडील घरांना याची जाणीव दूरध्वनीपुरती होते. लंडनशी असलेले साडेपाच तासांचे अंतर एका रात्रीत साडेचार तासांवर येते आणि नेहमीच्या वेळी केलेला फोन कोणी उचलत नाही. भारतात मात्र बारा महिने एकच वेळ चालते. ती तशी का आहे आणि तशीच राहावी का, हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो.

'डे-लाइट सेव्हिंग टाइम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीमागील कल्पना साधी आहे. उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो, तेव्हा माणसे झोपलेली असतात. संध्याकाळी मात्र दिवे लावावे लागतात. माणसांना लवकर उठण्याचा उपदेश करण्याऐवजी घड्याळच पुढे केले, की पहाटेचा वाया जाणारा प्रकाश संध्याकाळच्या पदरात पडतो. १८९५ मध्ये न्यूझीलंडमधील कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज हडसन यांनी आणि १९०७ मध्ये इंग्लंडमधील बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी अशा सूचना मांडल्या. दोघांचीही बरीच थट्टा झाली. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई जाणवू लागली, तेव्हा जर्मनीने एप्रिल १९१६ मध्ये ही पद्धत स्वीकारली आणि काही आठवड्यांतच ब्रिटननेही शत्रूचे अनुकरण केले.

ही युक्ती लंडनला मानवते, याचे कारण तेथील अक्षांशात आहे. जूनमध्ये तेथे दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो, तर डिसेंबरमध्ये आठ तासांचाही भरत नाही. मालवण सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथील सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तास पाच मिनिटांचा, तर सर्वांत लहान अकरा तास दहा मिनिटांच्या आसपास. वर्षभरातील फरक दोन तासांचाही नाही, आणि तोही दोन्ही टोकांना विभागला जातो. जूनअखेरीस मालवणात सूर्य सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास उगवतो. त्याआधी उजेडाचे असे घबाड नाही, की जे उचलून संध्याकाळी ठेवता यावे. शिवाय, येथील सर्वांत मोठे दिवस ऐन पावसाळ्यात येतात. आभाळ भरलेले, समुद्र खवळलेला, यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबलेल्या. अशा दिवसांत संध्याकाळी तासभर वाढीव सूर्यप्रकाश मिळवून त्याचे करायचे काय?

तरीही मालवणचे घड्याळ आणि मालवणचा सूर्य यांचे जमते असे नाही. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. मालवणचा रेखांश साडेत्र्याहत्तर अंशांच्या किंचित अलीकडे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्या हिशेबाने मालवणचा सूर्य घड्याळापेक्षा सरासरी ३६ मिनिटे मागे चालतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा खरी दुपार व्हायची असते. फेब्रुवारीत तर सूर्य माथ्यावर यायला बारा वाजून पन्नास मिनिटे होतात. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सातनंतर पाच-सात मिनिटांनी होतो. थोडक्यात, कोकण किनारा अर्ध्या तासाहून अधिक 'डे-लाइट सेव्हिंग' कायमचेच पाळतो आहे. फक्त त्याला कोणी ते नाव दिलेले नाही.

या गोष्टीची बोच पूर्वी अधिक तीव्रतेने जाणवत असे. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईने ती मनोमन स्वीकारली नाही. सूर्याच्या हिशेबाने सुमारे ३९ मिनिटे आधी कामावर हजर व्हावे लागणार, म्हणून गिरणी कामगार संतापले. फिरोजशहा मेहतांसारख्या नेत्यांचे वजन असलेल्या महापालिकेने 'मुंबई टाइम'च धरून ठेवला. कलकत्त्याने आपली स्थानिक वेळ १९४८ मध्ये सोडली; मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकली. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या मालवणचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा जेमतेम अडीच मिनिटे पुढे, म्हणजे 'मुंबई टाइम' मालवणला जवळजवळ अंगाबरोबर बसणारा होता.

भारताने घड्याळ पुढे करण्याचा प्रयोग कधी केलाच नाही, असेही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या अवधीत प्रमाणवेळ सलग एका तासाने पुढे ठेवण्यात आली होती. त्या वेळेप्रमाणे मालवणात सूर्य सरासरी दीड वाजल्यानंतर माथ्यावर येई आणि जानेवारीत आठ वाजून गेल्यावर उगवे. युद्ध संपताच ही व्यवस्था गुंडाळली गेली.

पुढे वीजटंचाईने हा विषय पुन्हा वर आणला. बेंगळुरू येथील 'राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थे'तील दिलीप आहुजा व डी. पी. सेनगुप्ता यांनी भारतीय प्रमाणवेळ कायमस्वरूपी अर्ध्या तासाने पुढे करावी, असा प्रस्ताव मांडला. संध्याकाळची विजेची मागणी त्यामुळे उतरेल, असे त्यांचे गणित होते. याउलट, २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशाचे दोन कालविभाग करून ईशान्येकडील राज्यांना एक तास पुढची वेळ द्यावी, असे सुचविले. आसामच्या मळ्यांत तशी 'चायबागान' वेळ पूर्वापार पाळली जाते. पहिला प्रस्ताव पूर्वेला दिलासा देणारा असला, तरी त्याची किंमत पश्चिम किनारा मोजणार, हे विसरता येत नाही. अर्धा तास आणखी पुढे गेले, की जानेवारीतला मालवणचा सूर्योदय साडेसातच्याही पुढे जाईल, आणि वाडीवस्तीवरून सकाळच्या शाळेसाठी एस.टी.ची वाट पाहणारी मुले अंधारात उभी राहतील. दुसऱ्या प्रस्तावाने किनाऱ्याचे काहीच बिघडत नाही. म्हणून कोकणापुरता तोच अधिक शहाणपणाचा वाटतो.

विजेच्या बचतीचा मूळ दावाही आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यात ही पद्धत लागू झाल्यावर घरगुती विजेचा वापर घटण्याऐवजी सुमारे एक टक्का वाढल्याचे अभ्यासात आढळले. दिव्यांवरचा खर्च वाचला, तो वातानुकूलन यंत्रांनी खाल्ला. दमट उकाड्याच्या प्रदेशाने हे ध्यानात ठेवावे. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये घड्याळबदल थांबविण्याच्या बाजूने कौल दिला. पण सदस्य देशांचे एकमत न झाल्याने तो अमलात आला नाही. ब्राझीलने त्याच वर्षी, तर मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतांश भागात ही पद्धत बंद केली.

ऋतूप्रमाणे वेळ बदलण्याची रीत कोकणाला नवी नाही; फरक एवढाच, की येथे घड्याळाला हात न लावता वेळापत्रक बदलले जाते. उन्हाच्या दिवसांत शाळा सकाळच्या होतात. कोकण रेल्वे जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागू करते आणि ऑक्टोबरमध्ये ते मागे घेते. दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो, आणि अतिवृष्टीत तो ताशी ४० किलोमीटरवर आणला जातो. रापणकरांचे पाणी तर भरती-ओहोटीवर, आणि ती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. संकष्टीचा उपवास सोडणारे घरही प्रमाणवेळेच्या भरवशावर राहत नाही; आपल्या गावचा चंद्रोदय दिनदर्शिकेत पाहते. घरोघरी टांगलेल्या 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच. राज्य शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुलांची झोप पुरी व्हावी, हा त्यामागील हेतू होता.