टेबलाखालचं जुनं कार्ड

नेपियर टाउनमधल्या घरी मी लग्नाच्या फिल्म्स संपादित करतो. टेबलाखालच्या डेस्कटॉपमध्ये २०१७ सालचं जीटीएक्स १०८० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे, टेबलावर आरटीएक्स ४०६०चा लॅपटॉप. जयंती कॉम्प्लेक्समधल्या संगणकांच्या दुकानांत गिऱ्हाईक एकच विचारतं, नवं म्हणजे जास्त वेगवान ना?

एके काळी निदान डेस्कटॉप आणि लॅपटॉपची तुलना सोपी होती. लॅपटॉपच्या चिपच्या नावामागे ‘एम’ असायचा. जीटीएक्स ९७०मध्ये १६६४ कोअर, ९७० एममध्ये १२८०. कमीपणाची कबुली नावातच होती. ऑगस्ट २०१६मध्ये ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने नव्या पिढीतून तो ‘एम’ काढला, आणि तेव्हा ते शोभलंही: सहा जीबीच्या जीटीएक्स १०६०ला दोन्हीकडे १२८०च कोअर. पुढे मात्र घोळ झाला. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपात ३५ ते ११५ वॅटवर चालतं. नाव तेच, दोन लॅपटॉपांच्या वेगात मोठी तफावत! खोक्यावर वॅट ठळक छापायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे.

माझं जुनं कार्ड २५० वॅट खातं; मे महिन्यात खोलीत बसवत नाही. पण त्याला ११ जीबी मेमरी आहे, सेकंदाला ४८४ जीबी वाहून नेणारी. नव्याकडे ८ जीबी आणि २५६. ३२ एमबीची कॅश ती उणीव बरीच भरून काढते. रे ट्रेसिंगचे खास कोअर आणि एव्ही१ एन्कोडर नव्यातच. म्हणून फिल्म निर्यात करतो लॅपटॉपवर, आणि अनेक थरांचं कलर ग्रेडिंग अजून खालच्या डब्यावरच.