औषध देण्याची सुरक्षित पद्धत (परिचर्या)

औषध देण्याची सुरक्षित पद्धत हा परिचर्याशास्त्रातील मूलभूत विषय असून औषध रुग्णाच्या शरीरात जाण्यापूर्वी, जाताना व गेल्यानंतर परिचारिकेने घ्यावयाची दक्षता त्यात येते. डॉक्टर व औषधनिर्माता यांच्यानंतर रुग्णापाशी पोहोचणारी ती अखेरची व्यक्ती असल्याने आधीची चूक पकडण्याची शेवटची संधी तिच्या हाती असते.

औषधक्रियेची तत्त्वे

शरीरात औषधाचे शोषण, वितरण, चयापचय व उत्सर्जन होते. चयापचय मुख्यतः यकृतात व उत्सर्जन बहुतांशी मूत्रपिंडांद्वारे होते. मूत्रपिंड दुर्बल असल्यास जेंटामायसिनसारखे औषध शरीरात साचून श्रवणशक्तीस अपाय करू शकते. शिरेतून दिलेले औषध थेट रक्तात मिसळते. ते परत काढून घेता येत नाही.

पडताळणी

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ या पाच बाबी प्रत्येक वेळी तपासतात. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारल्यास संकोचाने वा भाषा न कळल्याने रुग्ण मान डोलावतो. म्हणून ‘तुमचे नाव काय?’ असेच विचारावे. पालघर जिल्ह्यात, जेथे सरावली, बोईसर व तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात परप्रांतीय कामगार आणि जव्हार-मोखाड्याकडे वारली, कोकणा व कातकरी समाज राहतो, तेथे या साध्या नियमाचे मोल अधिक आहे.

मात्रेचे गणित

२ मिलि.च्या कुपीत ८० मिग्रॅ. जेंटामायसिन असेल आणि ६० मिग्रॅ. द्यावयाचे असेल, तर ६० ÷ ८० × २ = १.५ मिलि. घ्यावे लागते. खरा धोका इन्सुलिनमध्ये आहे. भारतात प्रति मिलि. ४० व १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते आणि त्यांच्या सिरिंजही निराळ्या असतात. ४० युनिटच्या सिरिंजमध्ये १०० युनिटचे इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरल्यास रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट मिळतात. तीव्र पोटॅशियम क्लोराइड विरल न करता शिरेत टोचल्यास हृदय बंद पडते. त्याच्या कुप्या इतर इंजेक्शनांपासून वेगळ्या ठेवणे हाच उपाय.

मुलांची मात्रा सहसा वजनावर ठरते. सर्पविषरोधी लस मात्र याला अपवाद आहे. सापाने टोचलेले विष बालकाच्या वजनाप्रमाणे कमी होत नसल्यामुळे लहानांना व मोठ्यांना तीच मात्रा देतात. ही लस देताना ॲड्रिनॅलिन हाताशी असावे लागते.

महाराष्ट्रातील घटना

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओ मोहिमेत पाच वर्षांखालील १२ बालकांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बचावली. तोंडात थेंब सोडण्यापूर्वी बाटलीवरील अक्षरे वाचली असती, तर हे टळले असते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले व त्याच्या चौकशीसाठी न्या. लेंटिन आयोग नेमला गेला. तेथे वेष्टन वाचूनही दोष दिसणे शक्य नव्हते. म्हणून औषध दिल्यावर रुग्णाचे निरीक्षण करणे आणि औषधाचा बॅच क्रमांक नोंदविणे आवश्यक ठरते.

अपाय कळविण्यासाठी भारतात २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम चालतो. त्याचा अर्ज डॉक्टरांप्रमाणेच परिचारिकाही भरू शकतात. १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क दूरध्वनी आहे.