विश्वासराव जगते तर?

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर विश्वासराव पडले. जूनमध्यें वडील नानासाहेब पेशवेही निवर्तले, आणि वस्त्रें धाकट्या माधवरावांस मिळालीं. वय अवघें सोळा. कारभार हातीं घेण्यास चुलते राघोबादादांस निमित्त सांपडलें. नोव्हेंबर १७६२ मध्यें शिरूरच्या घोडनदीवर, मग दौंडावरून जाणाऱ्या भीमेच्या कांठीं आळेगांवास घरच्याच फौजा झुंजल्या. पराभव दिसतांच माधवराव स्वतः चुलत्याच्या छावणींत गेले. फूट थांबली, नऊ महिन्यांत राक्षसभुवनीं दोघांनीं मिळून निजामाचा मोड केला.

विश्वासराव जगते, तर वीस वर्षांच्या, रण पाहिलेल्या पेशव्यापुढें अल्पवयाचें निमित्त उरतें ना. आळेगांव कदाचित् टळतें. पण राज्यासाठीं मान खालीं घालणारे माधवराव मग महाराष्ट्रास दिसते काय?