माहुलीचा बुरूज, दुबईचा बुर्ज

आसनगावला गाडीतून उतरलं की माहुलीचा डोंगर आणि त्याचे सुळके नजरेत भरतात. गडाची उंची 2815 फूट. दुबईचा बुर्ज खलिफा 828 मीटर, म्हणजे सुमारे 2717 फूट. गडाची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, बुर्जाची जमिनीपासून; पण दुबई समुद्रकाठीच वसलेली, म्हणून तुलना अन्यायाची नाही. जगातली सर्वांत उंच इमारत आपल्या शहापूरच्या गडापुढे शंभरेक फुटांनी खुजी! हा हिशेब करतानाच खरा धागा हाती लागला : दुबईचा ‘बुर्ज’ आणि आपल्या गडकोटांचा ‘बुरूज’ हा एकच शब्द.

1636 मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीसाठीचा शेवटचा झगडा माहुलीवरून दिला, 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड पुन्हा स्वराज्यात आणला. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. शब्दाचा प्रवास मात्र कोणी सांगत नाही.

‘तट’ आपला, संस्कृतातला. ‘बुरूज’ पाहुणा, फारसीच्या वाटेने आलेला अरबी. पण अरबीत ‘बुर्ज’ एकवचन आणि ‘बुरूज’ अनेकवचन. मग मराठीने अनेकवचनच उचललं का? तसं म्हणणाऱ्याला ‘उमराव’चा दाखला देता येईल : मुळात तो ‘अमीर’चं अनेकवचन, आणि आपण एकट्या सरदारालाही उमराव म्हणतो. तरीही मला हे पटत नाही. ‘हुक्म’चा हुकूम झाला, ‘जुल्म’चा जुलूम, ‘मुल्क’चा मुलूख. जोडाक्षर फोडून मध्ये उकार घालायची मराठी जिभेची ही जुनी खोड आहे. ‘बुर्ज’चा बुरूजही तिनेच केला. आक्षेप एकच उरतो : हुकमाने, मुलखात म्हणताना तो उकार गळतो, ‘बुरुजावर’मध्ये टिकतो. पण ‘बुरजावर’ म्हणणारे आणि लिहिणारेही आहेत, आणि माझ्या मते मूळ वळण तेच.

अरबीच्या मागे कोण? अरबी कोशकार ‘उठून दिसणे’ या अर्थाच्या धातूकडे बोट दाखवतात. मला ग्रीक ‘पिर्गोस’चा, म्हणजे मनोऱ्याचा, दावा अधिक बळकट वाटतो. अरबीत ‘प’ नाही, म्हणून त्याचा ‘ब’ झाला. जुन्या ‘ग’चा तिथे ‘ज’ होतोच. शेवटचा ‘ओस’ हा ग्रीक प्रत्यय, तो गळाला की उरतो बुर्ज. सिरियाच्या वेशीवर रोमन चौक्या होत्या; शब्द तिथेच हातबदल झाला असणार.

मुरबाडच्या गोरखगडाकडे पाहिलं की या कथेची दुसरी बाजू दिसते. तिथे कातळच मनोऱ्यासारखा उभा आहे, आणि त्याला आपण म्हणतो सुळका. सूळ, म्हणजे संस्कृतातला शूल, त्यावरूनच आलेला. माणसाने रचलं त्याला पाहुणा शब्द, निसर्गाने उभारलं त्याला घरचा. एवढं ठरवून पुन्हा माहुलीकडे वळलो, तर त्याच रांगेतला, गिर्यारोहकांना झुंजवणारा सुळका आठवला. त्याचं नाव वजीर. तोही अरबीच! पाहुणा कातळावरही चढून बसला आहे, आणि आता त्याला परका कोण म्हणेल?