पंच (इंग्रजी शब्द)

पंच : इंग्रजीतील नित्याच्या वापरातला, पण मुळाशी एक नसलेला शब्द. मुठीचा ठोसा, भोक पाडण्याचे वा ठसा उठवण्याचे हत्यार, मद्य आणि फळांचा रस एकत्र करून केलेले पेय, बाहुल्यांच्या खेळातला कुबड्या नायक, बुटक्या बांध्याची घोड्याची एक जात आणि लंडनचे एक विनोदी साप्ताहिक एवढ्यांना इंग्रजी माणूस ‘पंच’ म्हणतो. उच्चार एक, लेखन एक. पण त्यामागे किमान तीन स्वतंत्र शब्द आहेत. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला एक, नेपल्सच्या रंगभूमीवरून आलेला दुसरा आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून गेलेला तिसरा. हा तिसरा आपल्या ‘पाच’चा वंशज मानला जातो, म्हणून मराठी वाचकाला या शब्दाचे विशेष अगत्य वाटावे.

टोचणे हा यांतला सर्वांत जुना अर्थ. लॅटिनमधील टोचणे या अर्थाच्या धातूपासून जुन्या फ्रेंचमध्ये टोचण्याच्या हत्याराचे आणि क्रियेचे शब्द तयार झाले व मध्ययुगात ते इंग्रजीत आले. पॉइंट, पंक्चर, पंक्चुअल ही याच घरातली भावंडे. प्रारंभी ‘पंच करणे’ म्हणजे काठीने ढोसणे. आपल्याकडे बैलाला पराणी लावतात, तसाच हा अर्थ. अमेरिकेत गुरे हाकणाऱ्याला ‘काऊपंचर’ हे नाव पडले ते यातूनच. मुठीने मारणे हा अर्थ नंतरचा, सोळाव्या शतकापासूनचा. विनोदाच्या शेवटच्या वाक्याला ‘पंचलाइन’ म्हणतात तो विसाव्या शतकातल्या अमेरिकी करमणुकीच्या जगातला वापर.

हत्याराच्या अर्थाने या शब्दाने मोठे काम केले आहे. छापखान्याचा खिळा ओतण्यापूर्वी पोलादाच्या कांडीवर अक्षर उलटे कोरावे लागे. त्या कांडीला पंच म्हणत. ती तांब्यात ठोकून मातृका तयार करायची आणि मातृकेत शिसे ओतायचे. देवनागरी आणि बंगाली अक्षरांचे असे पंच अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी बंगालात कोरणाऱ्या कारागिराचे नाव होते पंचानन कर्मकार. दोन ‘पंच’ एका माणसात भेटले, ते निव्वळ योगायोगाने. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देखणे टाइपही याच पद्धतीने घडले. असाच आणखी एक योगायोग नाण्यांच्या अभ्यासात भेटतो. आपण ज्यांना आहत नाणी म्हणतो, त्यांना इंग्रजीत ‘पंच-मार्क्ड’ म्हणतात, आणि मगध-मौर्य काळातल्या चांदीच्या आहत नाण्यांच्या दर्शनी बाजूवर साधारणपणे पाच चिन्हे ठोकलेली असतात. इथे पंचचा अर्थ ठसा, पाच नव्हे. पुढे १८९०च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोके पाडलेल्या कार्डांवरून यंत्राने मोजणी केली आणि ‘पंच कार्ड’ संगणकाच्या इतिहासात जाऊन बसले. एसटीच्या कंडक्टरच्या हातात पूर्वी असलेला, तिकिटाला भोक पाडणारा चिमटा याच शाखेतला.

पेयाच्या अर्थाचा पंच सतराव्या शतकात लेखी सापडतो. त्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १६३२ मधला, ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातील एका नोकराच्या पत्रातला आहे. लांबच्या समुद्रप्रवासात आणि इथल्या उष्म्यात विलायती बिअर टिकत नसे. तेव्हा खलाशी व वखारीतले लोक इथे मिळणाऱ्या अरक या गाळलेल्या दारूकडे वळले. अरक हा अरबी शब्द आपल्या ‘अर्क’ शब्दाच्या रूपात मराठीतही आहे. तीव्र अरकात साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला घालून ते पेय सौम्य करीत. १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो ‘पालेपुंत्झ’ असे काहीसे नाव देतो, तर फ्रेंच वैद्य बर्निये बंगालच्या वर्णनात ‘बुलपोंज’ लिहितो. दोघांनीही ‘बोल’, म्हणजे वाडगा, हा शब्द पंचला जोडून एकच नाव म्हणून ऐकला असावा.

व्युत्पत्तीसाठी महत्त्वाचा साक्षीदार जॉन फ्रायर. कंपनीचा हा शल्यवैद्य १६७०च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर होता, शिवकाळातल्या महाराष्ट्राच्या वर्णनासाठी मराठी अभ्यासक त्याला ओळखतात. १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तांतात तो गोव्याच्या अरकाची वाखाणणी करतो, उत्तम अरक कुठे होतो ते सांगताना नेरूलचे नाव घेतो आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून जे पेय करतात त्याला हिंदुस्थानी भाषेतल्या पाच या अर्थाच्या शब्दावरून, पाच घटकांमुळे, नाव पडले असे स्पष्ट लिहितो. गोव्याचा हा अरक माडाच्या ताडीपासून गाळलेला असे आणि इंग्लंडातही पंचसाठी त्याला मान होता. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात फ्रायरचा हा उतारा घेतला आहे.

या मताला आक्षेपही आहेत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी शब्दातला स्वर ‘उ’कडे झुकणारा होता, तो आपल्या ‘पंच’मधल्या ‘अ’शी नीट जुळत नाही. शिवाय जुन्या वर्णनांत घटक दरवेळी पाचच नसतात. मांडेल्स्लोच्या यादीत चारच आहेत. म्हणून काहींनी हा शब्द ‘पंचन’ या मोठ्या पिंपाच्या नावाचे खलाशांनी केलेले लघुरूप ठरवला. प्रस्तुत लेखकास मात्र फ्रायरची बाजू अधिक वजनदार वाटते. पेय इथले, त्यातला अरक इथला, सुरुवातीचे महत्त्वाचे उल्लेख इथले. आणि घटकांच्या संख्येवरून पदार्थाला नाव देण्याची रीत आपल्याकडे घरोघरची आहे : पंचामृत, पंचगव्य, कोकणातले पंचखाद्य. घटक पुढे कमी-जास्त झाले तरी असे नाव सुटत नाही.

हे पेय वखारींतून जगभर पसरले. मुंबई-कलकत्त्यातल्या गोऱ्या खलाशांच्या गुत्त्यांना ‘पंच हाऊस’ नाव पडले. स्वीडनची ईस्ट इंडिया कंपनी १७३१ मध्ये स्थापन झाली, तिची जहाजे पूर्वेकडचा अरक नेऊ लागल्यावर तिकडे ‘पुन्श’ रुजला. डच लोक त्याला ‘पोन्स’ म्हणत; त्यांच्याकडून तो जपानला गेला आणि तिथे आंबट लिंबूवर्गीय रसाचा ‘पोन्झू’ झाला. पाचचे हे रूप आज जपानी जेवणात चटणीसारखे वाढले जाते, आणि ते आता मद्य राहिलेले नाही.

उरला तो नेपल्सचा पंच. इटालियन लोकनाट्यातले ‘पुल्चिनेल्ला’ हे बाकदार नाकाचे पात्र इंग्लंडात ‘पंचिनेलो’ आणि मग नुसते ‘पंच’ झाले. पुल्चिनेल्ला हे नाव कोंबडीच्या पिल्लावरून आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सॅम्युएल पेपिसने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. इंग्लंडातला पंचचा जन्मदिवस म्हणून ती तारीख पाळली जाते. पुढे याच पेपिसने एका गुबगुबीत मुलाला ‘पंच’ म्हटल्याचे ऐकून, जे जे जाड व आखूड त्याला लोक असे म्हणू लागल्याचे टिपून ठेवले. पूर्व इंग्लंडातल्या ‘सफोक पंच’ या दणकट, तांबूस घोड्याचे नाव याच अर्थाशी जोडले जाते. आज या जातीचे घोडे फार थोडे उरले आहेत.

१७ जुलै १८४१ रोजी लंडनमध्ये ‘पंच’ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. हेन्री मेह्यू आणि मार्क लेमन हे त्याचे पहिले संपादक. नाव बाहुलीचे, पण लेमन म्हणजे लिंबू, आणि पंचला लिंबू हवेच, अशी कोटी त्या काळापासून प्रसिद्ध आहे. व्यंगचित्राला ‘कार्टून’ हे नाव १८४३ मध्ये याच साप्ताहिकाने रूढ केले. त्याच्या धर्तीवर मुंबईत ‘पारसी पंच’ व त्यातून पुढे ‘हिंदी पंच’ निघाले, लखनौत १८७७ मध्ये उर्दू ‘अवध पंच’ आले आणि मराठीत ‘हिंदू पंच’. हिंदुस्थानी वाचकाला या नावांत न्याय करणारा पंचही ऐकू आला असणार. नाव इथे इतके मानवले त्याचे हेही एक कारण असावे. चार्ल्स वर्गमनने १८६२ मध्ये योकोहामात ‘जपान पंच’ काढले आणि व्यंगचित्राला जपानीत ‘पोंची-ए’ शब्द मिळाला. पोन्झू आणि पोंची-ए यांचा परस्परांशी काही संबंध नाही.

ठोसा पाच बोटांच्या मुठीने मारतात, म्हणून तोही पाचवरून आला, असे कधी कधी ठामपणे सांगितले जाते. ते चूक आहे. इंग्रजीतील मुठीचा शब्द ‘फिस्ट’ व पाचचा शब्द ‘फाइव्ह’ यांचे दूरचे नाते काही भाषाशास्त्रज्ञ मानतात, परंतु ठोशाच्या पंचचे मूळ टोचण्यातच आहे. मराठीत आज ‘ऑफिसात पंच करणे’, ‘पंच मारणे’, ‘फ्रूट पंच’ आणि क्रिकेटचा पंच हे सर्व शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांतला शेवटचा तर पूर्णपणे आपलाच आहे. मराठी कोशकारांनी हे सारे एकाच नोंदीत न कोंबता प्रत्येकाला त्याच्या मुळाप्रमाणे स्वतंत्र नोंद द्यावी.